सूपभर कोंड्याचा मौलाली

श्री अंबाबाई प्रसन्न

गुरुवार, २२ मे १९६९

आज घरात आलेल्या वस्तू: दगडी पाटी एक, साठ पैसे. पेन्सिलीची पुडी, दहा पैसे. चड्डीसाठी खाकी कापड, दोन रुपये दहा पैसे. मलिद्यासाठी गूळ दोन किलो, ह्यांच्या अडतीतून, घाऊक भावानं. आणि जुनी जरीची टोपी एक, मेहमुदाभाभींकडून. टोपीपुढं किमतीच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. रेघ मारली.

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी जातात, म्हणून हे तिथं लिहिते. मनातली भीती बोलून दाखवली की दृष्ट लागते. लिहिली तर लागत नाही, असं मी धरून चालले आहे.

पोराला पाच वर्षं पुरी व्हायला अठ्ठावीस दिवस राहिले.

ह्याच्या आधीचे दोन गेले. पहिला बारशानंतर चौथ्या दिवशी, दुसरा नऊ महिन्यांचा होऊन. दोघांचीही नावं पंचांग बघून, भटजींना विचारून ठेवली होती. चांगली नावं होती. ती मी तोंडानं घेत नाही आणि इथंही लिहिणार नाही. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, कुणाचं ऐकलं नाही. पोर जन्मलं तसं सुपात घालून मागच्या दारानं नेलं आणि उकिरड्याशेजारी ठेवलं. तेव्हा मेहमुदाभाभी आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. त्या ठरल्याप्रमाणं त्या वाटेनं आल्या, ‘टाकलेलं’ पोर पदरात घेतलं, पुढच्या दारानं आत आल्या आणि ओरडल्या, “घेता का कोण? उकिरड्यावर घावलंय!” मी अंथरुणावरूनच सूपभर कोंडा दिला आणि माझंच पोर विकत घेतलं. ज्याचं मोल कोंड्याएवढं, त्याच्याकडं काळ ढुंकून बघत नाही, असं म्हणतात. उचलणारी बाई मात्र जिची सगळी मुलं हयात आहेत अशीच लागते. भाभींचे चारही मुलगे पैलवानासारखे.

नावही उचलणारीनंच ठेवायचं. भाभी क्षणभरही थांबल्या नाहीत. “मौलाली,” म्हणाल्या. आधीपासून ओठावर असल्यासारखं.

पाच वर्षं पुरी होईतो दुसऱ्या नावानं हाक मारायची नाही. मग गुरुवारी पिराला जावळ काढायचं, मलिदा वाटायचा, आणि त्यानंतर पोर आईचं. मग आईनं हवं ते नाव ठेवावं. ह्या वर्षी १९ जूनला गुरुवारच आहे.

भाभी आता थोरल्या सिकंदरकडं गडमुडशिंगीला राहतात. पण दर गुरुवारी एसटीनं येतात, पोराला बघतात आणि जातात. आज तो अंगणात उड्या मारत होता तर म्हणाल्या, “तुजा कोंडा माज्या शेळीनं खाल्ला, म्हणून ह्यो असा शेळीवानी नाचतोय बग!” आत्याबाई हसून हसून खोकल्या.

टोपी त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली काढली. कापराचा वास येत होता. “पाच पुरी झाली की घाल. शाळंला जाताना.” पोरानं लगेच डोक्यावर चढवली. अगदी बेतून शिवल्यासारखी बसली. भाभींनी तोंड फिरवलं आणि पाणी मागितलं. उन्हातून आल्या होत्या.

टोपी जुनी खरी, पण आतलं अस्तर कोरं आहे. तेलाचा डाग नाही. चार मुलांत एकानंही घातली नाही म्हणजे नवलच. एवढी काटकसर मलाही जमायची नाही.

मंगळवार, २७ मे

नळावर बयाबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, “काय गं, तुजा मौल्या शाळंत जाणार म्हनं? मास्तर त्याला बाकावर बसवंल का पिरात?” सगळ्या हसल्या. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

संध्याकाळी ह्यांना विचारलं, नावाचा अर्थ काय. हे म्हणाले, “भाभींच्या मालकांनी, दिलदारचाचांनी सांगितलंय की मागं. मौला म्हंजे धनी, मालक. अलींचं नाव ते. मोठ्या माणसाचं नाव हाय, लाजायचं काय त्यात?”

“लाजत नाही. विचारलं.”

“मग मतदारयादी आण त्या फळीवरची. किती मौलाली हायेत ते मोज, म्हंजे तुला झोप लागंल.”

थट्टेनं म्हणाले, पण मी खरंच मोजले. आमच्या वॉर्डात मारुती सत्तावन्न, पांडुरंग चौतीस, मौलाली तीन. तिघंही साठीच्या पुढचे. त्यातला एक मराठा, मूळचा मुरगूडकडचा, तोही कुणाच्या तरी नवसाचाच असणार. साठीच्या आतला एक नाही. म्हणजे हे नाव म्हाताऱ्यांबरोबर संपत चाललं आहे. नाव संपतं तसं

पुढचं वाक्य लिहीत नाही.

मला एक नाव फार आवडतं. मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हापासून ठरवलेलं आहे. पहिल्याला द्यायचं होतं, भटजींच्या अक्षरात बसलं नाही. दुसऱ्याच्या वेळीही नाही. बरंच झालं, निदान ते नाव अजून कुणाबरोबर गेलेलं नाही. ते इथं लिहीत नाही. तेवीस दिवस राहिले.

शनिवार, ३१ मे

चार दिवस नळाला गढूळ पाणी. कुठं तरी नळ फुटला आहे म्हणतात. उकळायचं तर कोळसा किती लागेल ह्याचा हिशेब केला, परवडत नाही. जुन्या धोतराच्या चौघडीतून दोनदा गाळते आणि तुरटी फिरवते. पाणी दिसायला अगदी नितळ होतं. समोरच्या आकारामच्या पोरीला ताप आहे. तिची आई म्हणते उन्हाचा.

पोराची चड्डी शिवून झाली. वाढत्या अंगाची केली. एवढ्या खुशाल मनानं वाढत्या अंगाची शिवली, ते नंतर ध्यानात आलं. चड्डीच्या आत काळा दोरा टाचला.

शनिवार, ७ जून

हातून काय झालं ते लिहून टाकते. कुठं तरी लिहिलेलं असावं.

आज शाळेचा फॉर्म भरून द्यायचा शेवटचा दिवस. शाळा सोळा तारखेला, नवस फिटायचा एकोणिसाला. मध्ये तीन दिवस आडवे आले. हे अडतीवर निघाले होते. फॉर्मवर खाली सही करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वरचं तू भर, तुझं अक्षर चांगलं हाय.”

“नाव कुठलं घालू?”

“तुझ्या मनाला यील ते घाल. पुढं तेच मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर यायचं, एवढं बग.”

आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी देवघरासमोर बसून दौत उघडली. मनात म्हटलं, आई अंबाबाई, हा नुसता कागद आहे. तोंडानं हाक मारली तर नवस मोडतो. कागदावर लिहिलं तर कुठं मोडतो? बारा दिवसांनी बदलायला गेलं तर अर्ज, स्टँप, हेलपाटे. म्हणून लिहिलं.

अभय सयाजी साळोखे.

अक्षर फार सुंदर आलं. वाळेपर्यंत बघत बसले. मग शाळेत नेऊन दिला. गुरुजींनी माझ्यासमोर रजिस्टरात उतरवून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, “अभय सयाजी, बरोबर?”

मी “हो” म्हटलं. म्हणजे तोंडानंही झालं.

परत येताना पोर नळावर ओंजळीनं पाणी पीत होतं. “मौल्या!” म्हणून हाक मारली तर पळत आला. पण मला मधे काही तरी निसटल्यासारखं वाटलं.

सोमवार, ९ जून

सकाळी उठला नाही. अंग कढत आहे. शाळेचं नाव टाकून दोन दिवससुद्धा झाले नाहीत.

बुधवार, ११ जून

ताप उतरत नाही. सकाळी थोडा कमी, दुपारनंतर चढतो. थर्मामीटर बयाबाईकडून उसना आणला, एकशे तीन. पोटात दुखतं म्हणतो. काही खात नाही.

आत्याबाईंनी मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. हे म्हणाले डॉक्टर आणतो. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबू, जोतिबाचा अंगारा येतो आहे. हे माझ्याकडं बघत राहिले. डॉक्टरच्या फीसाठी मी थांबवत नाही हे ह्यांना कसं सांगू? डॉक्टर विचारणार, काय झालं होतं, कधीपासून. मी काय सांगू? शनिवारपासून, नाव लिहिल्यापासून?

ह्यांना सांगितलेलं नाही. आत्याबाईंना तर नाहीच.

गुरुवार, १२ जून

भाभी आल्या. दारातून नेहमीसारखी “अरं मौल्याऽऽ” अशी हाळी दिली आणि आत येऊन थबकल्या. कपाळाला हात लावला तो तव्याला लागल्यासारखा मागं घेतला.

“किती दीस झालं?”

“आज चौथा.”

“पानी कुटलं पितोय?”

“नळाचं. गाळून देते.”

“गाळून!” असं म्हणून मटकन खाली बसल्या. तोंड पांढरंफटक झालं होतं. मग माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. “डाक्टर आन पोरी. अंगारा नगं, धूप नगं. डाक्टर आन. आजच्या आज.”

पाच वेळा नमाज पढणारी, पिराला मानणारी बाई अंगारा नको, धूप नको म्हणते! आणि पाण्याचं काय घेऊन बसल्या ते मला कळलं नाही. ताप पाण्यानं आलेला नाही. कशानं आला ते मला एकटीला माहीत आहे.

दुपारभर त्या पोराच्या पायथ्याशी बसून राहिल्या. एकदा हळूच म्हणाल्या, “पाच पुरी व्हायला सातच दीस की गं.” माझ्याही मनात तेच चाललं होतं. पण त्यांनी का मोजावेत?

शुक्रवार, १३ जून

अक्षर वाईट येतं आहे.

सकाळी हाफिजा समाचाराला आली. भाभींची धाकटी जाऊ, अजून पलीकडच्याच खोलीत राहते. पोराला बघितलं, मग खुंटीकडं तिची नजर गेली.

“अगं बया, ही टोपी हितं कशी? ही तर मौल्याची.”

“त्याचीच की. भाभींनी आणली.”

“तुमच्या मौल्याची न्हवं गं. थोरल्या मौल्याची. भाभीच्या.”

मला काही समजेना. भाभींना सिकंदर थोरला. तर हाफिजा खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत सांगू लागली. सिकंदरच्या आधी एक होता. दिलदारचाचा राधानगरीला धरणाच्या कामावर होते, तिथल्या झोपड्यांत. पोराला पाच पुरी होत आली होती. शाळेला घालायचं म्हणून भाभींनी स्वतःच्या लग्नातल्या जरीच्या खणाची टोपी शिवली. मग ताप आला. “तीन आठवडं ताप. टोपी घालाय मिळालीच न्हाय बग त्याला. भाभी त्याचं नाव काढत न्हाय. आमी बी काढत न्हाय. तुमाला ठावं न्हवतं व्हय?”

नव्हतं. पाच वर्षं आम्ही घरात त्याच्या नावानं हाका मारतो आहोत. मेलेल्या पोराचं नाव माझ्या पोराला. तेच वय, तोच ताप, तीच टोपी. आणि ती टोपी मी त्याच्या डोक्यावर बसू दिली.

सगळी मुलं हयात असलेली बाई लागते म्हणून हिला बोलावली होती. हिनं सांगितलं का नाही? म्हणजे तो कोंडा फुकट, उकिरडा फुकट, सगळं फुकट. आणि दर गुरुवारी येते ती कुणाला बघायला?

टोपी काठीनं काढून माळ्यावर टाकली.

रविवार, १५ जून

काल ह्यांनी मला न विचारता डॉक्टर आणले. रक्त तपासायला नेलं, आज सांगितलं, मुदतीचा ताप. “गल्लीतली ही चौथी केस. पाणी उकळून प्या सगळ्यांनी, किती वेळा सांगायचं?” कॅप्सुली दिल्या आहेत, फोडून मधातून द्यायच्या. किंमत पुढच्या पानावर लिहिली आहे, इथं नको. पाणी उकळायला लागले. डॉक्टर सांगतात तर करायचं.

अंगाराही आला. लावला.

अकराच्या सुमाराला दारात भाभी. रविवारी कधी येत नाहीत. एसटी स्टँडपासून चालत आल्या होत्या, घामानं थबथबलेल्या. हातात फडक्यात बांधलेली किटली. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

“ताप काय म्हनतोय?”

“झोपलाय तो.”

“नुसतं बगती. उटवत न्हाय.”

“डॉक्टरांनी कुणाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय.”

हे खोटं होतं. त्यांना कळलं. मग किटली उंबऱ्यावर ठेवली. “उकळून गार केल्यालं पानी हाय. झाकण काडू नगं, तोटीनंच दे.” आणि वळल्या. दहा पावलं गेल्यावर परत आल्या. मला वाटलं आता भांडतील. तर म्हणाल्या, “उशीवर पाय टाकून झोपतोय त्यो, पायाखाली उशी दे त्याच्या,” आणि गेल्या.

गडमुडशिंगीहून एसटीत मांडीवर पाण्याची किटली घेऊन आली बाई. ते पाणी मी मोरीत ओतलं. त्या घरचं काहीच पोराच्या पोटात जायला नको, असं वाटलं.

संध्याकाळी बघितलं, खरंच दोन्ही पाय उशीवर चढवून झोपला होता. मला हे आजवर माहीत नव्हतं.

मंगळवार, १७ जून

काल शाळा सुरू झाली. गल्लीतली पोरं पाट्या घेऊन गेली. त्यांचा आवाज ऐकून ह्यानं डोळे उघडले, परत मिटले.

नवव्या दिवशी ताप तेवढाच आहे. कॅप्सुलींना वेळ लागतो म्हणतात.

मला त्याला हाक मारता येत नाही. एक नाव मेलेल्याचं. दुसरं नाव मी चोरून घेतलेलं. “बाळा” म्हणते, “सोन्या” म्हणते. तो ग्लानीत आहे, ह्या हाकांना ओ देत नाही. ही कुणाची नावं आहेत हे त्याला कळतच नसेल. आज दुपारी एकदा डोळे उघडून स्पष्ट म्हणाला, “आई, मला हाक मार की.”

मी त्याच्या तोंडाकडं बघत बसले.

मग म्हणाला, “बडीमा आली न्हाय?” भाभींना तो बडीमा म्हणतो.

गुरुवार, १९ जून

आज पाच वर्षं पुरी झाली. जावळ नाही, मलिदा नाही. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या आहेत. भाभी आल्या नाहीत.

सकाळपासून ताप एकशे चार. ग्लानीत बोटांनी चादर ओढत होता. दुसऱ्यानं शेवटच्या दिवशी तसंच केलं होतं. ते बघितलं आणि माझा धीर सुटला. आत्याबाईंचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. फॉर्म, अभय, थोरला मौलाली, टोपी, ओतलेलं पाणी. आता त्या मला घराबाहेर काढतील अशी तयारी ठेवूनच सांगितलं. “नवस मोडला मी, आत्याबाई. आज तारीखही चुकली.”

आत्याबाई मांडीवर वाटी घेऊन कॅप्सूल मधात कालवत होत्या. कालवणं थांबलं नाही. “पीर काय सरकारी हापीस हाय व्हय, तारीख चुकली की दंड लावाय?”

“आणि नाव? भाभींनी आपल्याला फसवलं. त्यांचं एक गेलेलं आहे.”

“मला ठावं हाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“ठावं असून बोलावलं?”

“ठावं व्हतं म्हणूनच बोलावलं.” वाटी खाली ठेवली. “तुजी दोन पोरं मी ह्या हातानं न्हेली मसणात. तिसऱ्याला काय कुणाच्या बी सैल हातात द्यू? जिनं एक पुरलंय तिची मूठ घट्ट असती. म्हमुदाला मीच म्हटलं, बाई, उचल आन् नाव ठेव. तिनं तिच्याजवळ व्हतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं. तू मॅट्रिक झाल्याली, तुला एवडं बी कळू न्हाय?”

खाली ठेवलेली वाटी मी उचलली.

“तिला म्हटलं, अगं तुज्या पोराचं नाव देतीस, परत कंदी तुला घेता याचं न्हाय. तर म्हनली, मावशी, इस वर्सं झाली, त्या नावानं कुणी ओ दिली न्हाय. आता दील.” मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “आता हाक मार त्याला. सकाळधरनं तोंड शिवल्यागत बसलीस.”

मी पोराच्या कानाशी वाकले. भीती गेली नव्हती. आता हे लिहितानाही गेलेली नाही. पण म्हटलं, “मौलाली.” परत म्हटलं, “मौल्या. अरं मौल्या.”

डोळे उघडले नाहीत. पण “ओ” म्हणाला.

शनिवार, २१ जून

काल संध्याकाळी घाम आला. आज सकाळी शंभर, दुपारी एकशे एक. डॉक्टर म्हणाले चांगलं लक्षण आहे, पण ह्या तापाचा भरवसा नाही, पुढचे दहा दिवस जपा, पातळच द्या. चांगलं लक्षण हे शब्द मी कुणाला सांगितले नाहीत. आकारामची पोरगी भिंत धरून चालायला लागली आहे असं कळलं.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी अडतीवर न्यायची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, “येवडं सगळं पोटात ठेवून तू सैपाक कसा करत हुतीस?” आणि अडतीवर न जाता माझ्याबरोबर शाळेत आले.

गुरुजींनी रजिस्टर काढलं. “नाव बदलायचंय? कारण काय लिहू?”

“चूक झाली होती,” मी म्हटलं.

“काय पायजे आता?”

“मौलाली.”

त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं. “अहो बाई, लोक असलं नाव बदलून अभय करून घ्याय येतात. तुम्ही उलटंच सांगताय. पोरं चिडवतील त्याला. माझ्या तीस वर्षांत ह्या पटावर हे नाव आलेलं न्हाय.”

“मग येऊ दे एकदा,” हे म्हणाले. “साहेब, हिचं म्हणणं तेच माझं. कुठं सही करू?”

गुरुजींनी अभयवर तांबड्या शाईनं रेघ मारली आणि वर लिहिलं. माझं आवडतं नाव माझ्यासमोर खोडलं गेलं. वाईट वाटेल असं धरून चालले होते. वाटलं. थोडंच वाटलं.

घरी आल्यावर माळ्यावरून टोपी काढली, झटकली, उन्हात धरली. जरीला काही झालेलं नाही.

सोमवार, २३ जून

आज ताप नव्व्याण्णव. भाताची पेज दोन चमचे घेतली. भाभी गेल्या गुरुवारी आल्या नाहीत, ह्या गुरुवारी येतील असंही वाटत नाही. मी जावं तर पोराला सोडून उठायची छाती होत नाही. पत्र लिहिलं. कार्ड स्वस्त पडलं असतं, पण कार्ड पोस्टमनपासून सगळे वाचतात. अंतर्देशीय घेतलं. पत्राची नक्कल इथं उतरवून ठेवते.

*तीर्थस्वरूप मेहमुदाभाभींना शिरसाष्टांग नमस्कार.*

*हे पत्र सिकंदर वाचून दाखवेल. त्यानं हळू वाचावं आणि मधलं काही गाळू नये.*

*मौलालीचा ताप काल आणि आज उतरता आहे. डॉक्टर म्हणतात अजून आठ-दहा दिवस धोका आहे. मी रोज सकाळी हात लावायच्या आधी डोळे मिटते. पाणी उकळूनच देते.*

*तुमचं पाणी मी मोरीत ओतलं. तुम्ही ते इतक्या लांबून आणलं होतं. दारात तुमच्याशी खोटं बोलले. हाफिजानं मला थोरल्याचं सांगितलं होतं आणि मी भ्याले. बाकी कारण नाही. माफ करा असं लिहायलाही तोंड नाही, पण लिहिते.*

*दुसरं एक खोटं तुम्हाला माहीत नाही. नवस फिटायच्या आधी शाळेत मी दुसरं नाव घातलं होतं. शनिवारी ते खोडून आलो. आता रजिस्टरात, आणि पुढं मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर, तुम्ही ठेवलेलंच नाव राहील. गुरुजी म्हणाले, ह्या पटावर हे नाव पहिल्यांदाच आलं आहे.*

*जावळ अजून काढलेलं नाही. ज्या बाईनं उचललं तिच्याच मांडीवर बसवून काढायचं असतं. त्याच्या अंगात शक्ती आली की तुम्ही म्हणाल त्या गुरुवारी काढू. गुळाला मुंग्या लागल्या म्हणून पाक करून ठेवला आहे. मलिदा दोघांच्या नावानं करीन. थोरल्याची तिथी कुठली ते मला ठाऊक नाही. दरवर्षी करायचा म्हणून विचारते.*

*टोपी खुंटीवर आहे. तो सारखी मागतो. घालू का, की तुम्ही आल्यावर तुमच्या हातानं घालाल? तुम्ही सांगेपर्यंत घालणार नाही.*

*तो उशीवर पाय टाकूनच झोपतो. थोरलाही तसाच झोपत होता का?*

*तुमची किटली घासून ठेवली आहे. पोस्टानं पाठवता येत नाही, तुम्हालाच न्यायला यावं लागेल. येत्या गुरुवारी येता की नाही, तेवढं सिकंदरकडून दोन ओळी लिहून उलट टपाली कळवा.*